नक्कल म्हणजे बनावट नव्हे

जुन्या व्हिडिओ गेमला अलीकडे चांगला भाव आला आहे. वीस-पंचवीस वर्षं माळ्यावर पडून असलेलं यंत्र कुणीतरी खाली काढतं, धूळ झटकून त्याचे फोटो काढतं आणि विकायला ठेवतं. घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ओरिजिनल आहे का? डहाणू रोडच्या बाजारपेठेतलं घर असो, घोलवड-बोर्डीकडची बागायतदाराची वाडी असो, की तलासरी नाक्यावरचं दुकान. जिथे जिथे असं यंत्र निघतं, तिथे याच प्रश्नावर त्याचं मोल ठरतं. उत्तर 'हो' असेल तर यंत्र कपाटात काचेआड जातं. 'नाही' असेल तर भंगारवाल्याच्या गोणीत जातं.

माझं म्हणणं असं की हा प्रश्नच अर्धवट आहे. अर्धवट प्रश्नाला मिळालेल्या उत्तरापायी आपण आपल्याच इतिहासाचा एक तुकडा फेकून देतो, आणि खरोखरची फसवणूक मात्र नजरेतून सुटते. अस्सल काय आणि खोटं काय, हे ठरवण्यासाठी यंत्र उघडून पाहावं लागतं हे खरंच. पण तेवढ्यानं भागत नाही. ते यंत्र स्वतःविषयी काय सांगतं आणि विकणारा त्याच्याविषयी काय सांगतो, हेही तपासावं लागतं. खोटेपणा असतो तो त्या सांगण्यात.

आधी हे यंत्र आपल्याकडे आलं कसं ते पाहू. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं जुलै 1983 मध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' बाजारात आणला. पांढऱ्या-मरून रंगाचा हा डबा फॅमिकॉम या नावानं ओळखला जाऊ लागला. मासायुकी उएमुरा या अभियंत्यानं त्याची रचना केली होती. दोन वर्षांनी, 1985 मध्ये, तेच यंत्र नवं कवच घालून एनईएस या नावानं अमेरिकेत गेलं. भारतात त्या काळी परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूवर एवढी जकात होती की सरळ मार्गानं आणलेलं यंत्र मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरच राहायचं. सेगा कंपनीचं मेगा ड्राइव्ह 1990च्या दशकाच्या मध्यावर शॉ वॉलेस कंपनीच्या मार्फत इथे विक्रीला आलं, तेव्हा त्याची किंमत 18,000 रुपयांच्या घरात होती. त्या काळात एवढ्या पैशांत घरात रंगीत टीव्ही येत होता.

मग मुलं खेळली कशावर? ती खेळली तैवान-चीनमधल्या सुट्या भागांतून जुळवलेल्या यंत्रांवर. 'लिटल मास्टर'सारखी नावं त्यांच्यावर असत. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर आणि मनीष मार्केटमध्ये ती मिळत. डहाणूकरांसाठी खरेदीची गावं दोनच, एकीकडे मुंबई आणि दुसरीकडे वापी; आणि दोन्हीकडून येणारा माल रेल्वेनं नाहीतर महामार्गानं यायचा. हेही विसरता कामा नये की व्हिडिओ गेम तेव्हा सगळ्यांच्या घरी नव्हता. पाड्यांवर टीव्हीसुद्धा दुर्मीळ होता. त्यामुळे एका घरातला गेम हा बहुतेक वेळा साऱ्या आळीचा गेम असायचा. गेमची कॅसेट अडली की बाहेर काढून तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची, ही विद्या पोरं एकमेकांना शिकवत. ती कॅसेट जपानची आहे की तैवानची, हे कुणी विचारत नव्हतं.

आज मात्र विचारलं जातं, आणि विचारावंच. कारण आज पैसे मोजले जातात ते अस्सलपणाचे. तेव्हा ओळखायचं कसं, ते नीट सांगायला हवं.

अस्सल फॅमिकॉम हातात घेतला तर आधी त्याचे दोन रिमोट पाहावेत. ते यंत्रालाच कायमचे जोडलेले असतात, वायर काढता येत नाही. दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट आणि सिलेक्टची बटणं नसतात. त्यांच्या जागी छोटा मायक्रोफोन आणि आवाज कमी-जास्त करायची पट्टी असते. नकलांमध्ये रिमोट बहुधा नऊ किंवा पंधरा पिनांच्या जोडणीनं लावलेले असतात, त्यांवर जादा टर्बो बटणं असतात आणि मायक्रोफोन सहसा नसतोच. यंत्र उलटं केलं की अस्सलावर निन्टेन्डोचं नाव आणि एचव्हीसी-001 हा मॉडेल क्रमांक दिसतो. पण छापील अक्षरांवर फार विसंबू नये. कवच बदलता येतं आणि स्टिकर तर कुठेही छापून मिळतो.

खरी साक्ष आत असते. स्क्रू काढून झाकण उचललं की अस्सल यंत्रात सर्किटच्या हिरवट पाटीवर निन्टेन्डोचं नाव आणि एचव्हीसी-सीपीयू अशी सुरुवात असलेला क्रमांक कोरलेला दिसतो. तिच्यावर दोन लांबट, काळ्या चिप्स असतात : एक 2ए03, ही यंत्राचा मेंदू आणि आवाज दोन्ही सांभाळते, दुसरी 2सी02, ही चित्र काढते. दोन्ही रिको कंपनीनं बनवलेल्या. जुन्या, चांगल्या प्रतीच्या नकलेत याच दोन चिप्सच्या जागी तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिप्स सापडतात. त्यांचे क्रमांक यूए65 पासून सुरू होतात. नंतरच्या, स्वस्त नकलेत चिप अशी दिसतच नाही. पाटीच्या मधोमध काळ्या राळेचा एक वाटोळा थेंब असतो. अख्खा फॅमिकॉम त्या एका थेंबाखाली असतो. एकदा तो पाहिला की पुन्हा कधी विसरला जात नाही.

काही खुणा मात्र चकवतात. पिवळं पडलेलं प्लास्टिक म्हणजे जुना, अस्सल माल, असं पुष्कळांना वाटतं. पण असलं प्लास्टिक उन्हानं आणि काळानं पिवळं पडतंच, मग ते जपानचं असो की चीनचं. बदकं मारायची बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर चालली नाही म्हणून यंत्र खोटं ठरत नाही. ती बंदूक जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबसाठीच केलेली होती. दुरुस्ती झालेलं यंत्र खोटं, हाही गैरसमज आहे. तीस-चाळीस वर्षांत कपॅसिटर सुकतात. गावातल्या टीव्ही मेकॅनिकनं ते बदलले असतील तर त्यानं यंत्र जगवलं, एवढंच म्हणता येईल. आणि एक ताकीद : जपानचा मूळ अॅडॅप्टर 100 व्होल्टचा असतो. तो आपल्या 230 व्होल्टच्या प्लगमध्ये सरळ खोचला तर अस्सल-नकलेची चर्चा तिथेच संपते.

इथवर सारं सोपं आहे. स्क्रूड्रायव्हर आणि थोडी माहिती असली की कोण कुठला ते कळतं. अडचण सुरू होते ती पुढे, या माहितीचा निकाल लावताना.

समजा, 1990 साली एखाद्या डहाणूकराला नातेवाइकानं जपानहून अस्सल फॅमिकॉम आणून दिला. तो इथल्या टीव्हीवर धड चाललाच नसता. जपानची प्रक्षेपणपद्धत एनटीएससी, आपली पाल. तिकडे सेकंदाला 60 वेळा चित्र रंगतं, इकडे 50 वेळा. ज्या जपानी चॅनलवर ते यंत्र चित्र पाठवायचं, त्याची कंपनसंख्या आपल्या त्या वेळच्या टीव्हीच्या पट्ट्यात बसत नव्हती. म्हणजे सर्व अर्थांनी अस्सल असलेलं यंत्र इथे निरुपयोगी ठरलं असतं. आणि ज्याला आपण 'डुप्लिकेट' म्हणून हिणवतो, त्या यंत्रात हीच अडचण सोडवलेली असायची. पाल देशांसाठी यूएमसीनं चिप्सची वेगळी जोडी बनवली होती. निन्टेन्डोनं युरोपसाठी स्वतः काढलेल्या एनईएसमध्ये मेंदूचा वेग 1.66 मेगाहर्ट्झवर आणला होता, त्यामुळे जपानसाठी लिहिलेल्या गेमचं संगीत तिथे खाली उतरायचं. यूएमसीच्या जोडीनं तो वेग 1.77 वर ठेवला, मूळच्या 1.79 च्या अगदी जवळ, आणि चित्राच्या दोन फेऱ्यांमधला मोकळा वेळ वाढवून 50 ची गणती जुळवली. त्यामुळे जपानी कॅसेट पाल टीव्हीवर बिघडल्याशिवाय चालू शकली. असलं काम आंधळेपणानं कॉपी मारणाऱ्याला जमत नाही. त्यासाठी मूळ यंत्र पुरतं समजलेलं असावं लागतं.

ही गोष्ट फक्त आपली नाही. रशियात 1992 पासून डेंडी नावाची अशीच नक्कल विकली गेली आणि तिथल्या एका पिढीसाठी व्हिडिओ गेम या शब्दाचा अर्थच डेंडी झाला. पोलंडमध्ये पेगासस होतं. ब्राझीलमध्ये फँटम सिस्टम. जिथे मूळ कंपनी पोचली नाही किंवा परवडली नाही, तिथे नकलेनं खेळ पोचवला. तिथले संग्राहक आज ही यंत्रं डेंडी म्हणूनच, पेगासस म्हणूनच जपतात. त्यांना निन्टेन्डो म्हणवून घ्यायची गरज पडत नाही.

इथे तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पहिली, अस्सल : ज्याचं नाव अंगावर आहे त्यानंच बनवलेली. दुसरी, नक्कल : दुसऱ्याची रचना उचललेली, पण स्वतःच्या नावानं उभी असलेली. तिसरी, बनावट : दुसऱ्याची रचना घेऊन वर दुसऱ्याचं नावही लावलेली. दुसरी आणि तिसरी आतून एकसारखी असू शकतात. तोच काळा थेंब, तीच पाटी. फरक फक्त दाव्याचा. आणि तोच निर्णायक आहे.

मधल्या जागाही आहेत. पॉलिस्टेशन नावाचं यंत्र बाहेरून हुबेहूब सोनीच्या प्लेस्टेशनसारखं दिसायचं. वरचं गोल झाकण उघडलं की सीडीच्या जागी कॅसेटची खाच! नाव खोटं नव्हतं, एक-दोन अक्षरांनी वेगळं होतं. पण शरीर खोटं बोलत होतं. मुलासाठी प्लेस्टेशन घ्यायला निघालेल्या, इंग्रजी जेमतेम वाचता येणाऱ्या बापाला त्या एक-दोन अक्षरांचा फरक कळणार नव्हता, आणि बनवणाऱ्याचा हिशोब त्यावरच बांधलेला होता. मी अशा यंत्राला बनावटीच्या बाजूला ठेवीन. दावा केवळ अक्षरांनी होत नाही, रूपानंही होतो.

आज फसवणूक जास्त होते ती नव्या मालात. निन्टेन्डोनं नोव्हेंबर 2016 मध्ये जुन्या एनईएसची छोटी आवृत्ती काढली. तिच्यात 30 गेम होते आणि ती एचडीएमआयनं टीव्हीला जोडायची. लगेच तिच्या रूपाची यंत्रं बाजारात आली, सहाशेवर गेमचा दावा करणारी आणि जुन्या पिवळ्या-पांढऱ्या एव्ही पिनांची. त्यांतली काही कुठल्याच नावाशिवाय विकली जातात, काहींच्या खोक्यावर सरळ निन्टेन्डोचं बोधचिन्ह असतं. 'फर्स्ट कॉपी' या गोड नावाखाली हे सारं खपतं. भारताच्या 1999च्या ट्रेडमार्क कायद्यात दुसऱ्याचं चिन्ह खोटेपणानं लावण्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. कायद्यानंही इथे बोट ठेवलं आहे ते चिन्हावर, म्हणजे दाव्यावरच.

हा विचार डहाणू-तलासरीत कुणाला नवा वाटू नये. अस्सल-नकलेचा याहून कितीतरी मोठा प्रश्न याच मातीत उभा राहिला आहे. वारली चित्र मुळात लग्नघरातलं. गेरू-शेणानं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सवाशिणी लग्नचौक लिहीत, धवलेरी गाणी म्हणे, मधे पालघाट देवी येई, आणि लग्न पार पडल्यावर कधीतरी ती भिंत पुन्हा सारवली जाई. ते चित्र जपण्यासाठी नव्हतंच. मग 1970च्या दशकात गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी तीच रेषा कागदावर आणि कापडावर आणली. चित्र भिंतीवरून उतरलं, बायकांच्या हातून पुरुषाच्या हाती आलं, विधीतून सुटलं. कुणी काटेकोरपणे म्हणू शकला असता की हे अस्सल राहिलं नाही. पण तसं ठरलं नाही, आणि ते योग्यच झालं. म्हसे यांना 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. साधन बदललं, जागा बदलली, तरी अस्सलपणा टिकला. कारण रेषा ज्यांची होती त्यांचीच राहिली आणि तसं सांगूनच ती जगासमोर गेली.

आज त्याच त्रिकोणी माणसांची आणि तारप्याभोवतीच्या नाचाची छापील चित्रं कपांवर, चादरींवर, हॉटेलच्या भिंतींवर दिसतात. एखाद्या शाळकरी मुलीनं वहीवर वारली पद्धतीचं चित्र काढलं तर त्यात काहीही गैर नाही. ती शिकते आहे, आणि वारली पद्धतीचं असंच म्हणते आहे. पण कुठल्याशा कारखान्यात छापलेला कप 'अस्सल वारली कलाकारांची हस्तकला' म्हणून विकला जातो, तेव्हा गंजाडच्या किंवा रायतळीच्या एखाद्या घरातली मजुरी थेट चोरली जाते. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यासाठी धडपड केली ती इथल्याच आदिवासी युवा सेवा संघानं. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये ते मिळालं. मानांकनामुळे कुणाला त्रिकोण काढायची किंवा चिकू लावायची बंदी होत नाही. बंदी येते ती घोलवडचं नाव मानांकनाच्या क्षेत्राबाहेरच्या फळाला लावण्यावर. व्हिडिओ गेमला हीच कसोटी लावा, आणि माझं म्हणणं पुरतं स्पष्ट होतं.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. नक्कल स्वतःच्या नावानं उभी राहिली म्हणून ती निर्दोष झाली का? उएमुरांच्या मेहनतीचं काय? वारलीची रेषा कुणी बाहेरच्यानं मोबदला न देता उचलली, तर खाली नाव स्वतःचं लिहिल्यानं आपलं समाधान होईल का?

होणार नाही. म्हणूनच नकलेचा गौरव करताना तिच्यावरचं कर्जही मोजलं पाहिजे. ते सर्वांत ठळक दिसतं कॅसेटमध्ये. त्या काळच्या 'अमुक हजार गेम एकात' म्हणवणाऱ्या कॅसेटी लावून पाहा. यादी पानंच्या पानं सरकते, पण गेम मोजकेच असतात. तोच कॉन्ट्रा नावाचा गेम कधी तिसऱ्या टप्प्यावरून सुरू होतो, कधी जादा जीव देऊन, आणि प्रत्येक वेळी नवा गेम म्हणून मोजला जातो. त्याहून वाईट म्हणजे सुरुवातीच्या पडद्यावरून मूळ कंपनीचं नाव आणि साल पुष्कळदा खरवडून काढलेलं असतं. यंत्राची रचना समजून घेऊन नवं यंत्र बनवणं ही एक गोष्ट. ज्यांनी गेम लिहिला त्यांचं नाव पुसून तो विकणं ही दुसरी, आणि ती चोरीच आहे. तिच्यात खोटा दावा आणि पुसलेलं सत्य दोन्ही आहेत. लहानपणी त्या कॅसेटीवर आपण मनसोक्त खेळलो असू. त्यानं तिचा दोष कमी होत नाही.

पण दोष मान्य करणं वेगळं आणि वस्तू नष्ट करणं वेगळं. चुकीच्या मार्गानं आलेली वस्तूही इतिहासाचा पुरावा असते, किंबहुना तीच जास्त बोलका पुरावा असते. बंद अर्थव्यवस्था, प्रचंड जकात, उदारीकरणाची पहिली वर्षं, तैवानच्या कारखान्यांची झेप आणि आपल्या मुलांची भूक, हे सगळं 'लिटल मास्टर'च्या एका खोक्यात सापडतं. जपानमधला निर्मळ फॅमिकॉम ही कहाणी सांगूच शकत नाही, कारण तो इथे नव्हता. उद्या कुणी महाराष्ट्रातल्या बालपणाचं संग्रहालय उभारलं, तर त्यात जपानहून मागवलेला फॅमिकॉम मांडणं हाच खोटेपणा ठरेल. आपल्यापुरतं अस्सल यंत्र ते, ज्यावर आपण खेळलो.

तेव्हा वागायचं कसं? घेणाऱ्यानं 'ओरिजिनल आहे का' एवढ्यावर न थांबता विचारावं : हे कुणी बनवलं, कधीच्या सुमारास घेतलं, कुठून आलं, आत काय आहे? आतल्या पाटीचा फोटो मागावा; जो द्यायला नकार देतो त्याच्याकडून घेऊ नये. विकणाऱ्यानं नकलेला नक्कल म्हणावं आणि तिची खरी ओळख सांगून योग्य भाव घ्यावा. तैवानच्या चिप्सची, चालू स्थितीतली जुनी नक्कल संग्राहकाच्या दृष्टीनं मोलाची आहे. तिच्यावर निन्टेन्डोचा स्टिकर चिकटवला की ती कवडीमोल होते आणि विकणारा गुन्हेगार. आणि ज्यांच्या माळ्यावर असं यंत्र आहे त्यांनी ते भंगारात घालण्याआधी त्याच्यासोबत एक कागद ठेवावा. कोणत्या साली, कुठल्या बाजारातून, केवढ्याला घेतलं, कुणी दुरुस्त केलं, कोण कोण त्यावर खेळलं. चार ओळी पुरतात. वस्तूची वंशावळ लिहिलेली असली की पुढे कुणालाही तिच्याविषयी खोटं सांगणं अवघड जातं.

वस्तू जपण्याइतकंच तिच्याविषयी खरं सांगणं महत्त्वाचं आहे, कारण खोट्या दाव्याची किंमत दोघं चुकवतात. निर्मात्याचं नाव चोरीला जातं, आणि नकलेला तिची स्वतःची ओळख मिळत नाही. निन्टेन्डोला त्याचा मान द्यावा, गेम लिहिणाऱ्यांना त्यांचा. आणि तैवानच्या ज्या अनाम अभियंत्यांनी आपल्यासारख्यांच्या टीव्हीवर तो खेळ चालवून दाखवला, त्यांनाही त्यांचा वाटा द्यावा. यांतल्या कुणाचंही नाव दुसऱ्याच्या वस्तूवर चिकटवून तो मान देता येत नाही.